वरून पाणी

दोहाळजेवणाच्या पंगतीत केतकीने पेल्याला ओठ लावले आणि तेवढाच काठ हिरवा झाला. गरोदर बाईच्या घरी आता असेच पेले येत; पिणाऱ्याला एचआयव्ही असला, तर लाळ लागताच काठ लाल होई.

बायकांच्या ओळीत सगळे काठ हिरवे होते. समोर बसलेल्या पुरुषांनी मात्र माना मागे टाकून पाणी वरून घशात ओतलं. एकाचाही ओठ काठाला लागला नाही.

केतकीचा नवरा विश्राम एरवी तोंड लावूनच प्यायचा. आज त्याचीही मान मागे गेली.

“अहो, तोंड लावून प्या,” ती म्हणाली. “लाल झाला तर गोळ्या आहेत. पण बाळासाठी मला आत्ताच कळायला हवं.”

घटाघटा आवाज थांबला. मग एकेक बाई उठली आणि आपल्या हिरव्या पेल्याची कोरी बाजू तिने नवऱ्याच्या ओठांपाशी धरली.