कच्चा डाख

शेणव्याच्या थांब्यावर पिशव्या खाली टेकल्या न टेकल्या तोच कमळूच्या खिशातला मोबाईल वाजला. त्याने तो डाव्या डोळ्याजवळ नेऊन वाचला. वाटेत रेंज नव्हती म्हणून उशिरा पोचलेला, घरातल्या डबीचा निरोप होता : ‘वीज गेली. पंप बॅटरीवर.’

डबी म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा एक स्वस्तातला संगणक. रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या कमळूने तो मागवला, ठाण्याला राहणाऱ्या आपल्या मुलीला, सारिकाला, फोन करकरून त्याचं इंग्रजी समजून घेतलं आणि माशांच्या टाकीला जोडला. टाकीतला हवेचा पंप, दिवा, दाणे टाकणारी चकती, सगळं आता डबी बघायची. निरोप धाडायला तिच्याजवळ एक जुना मोबाईल ठेवला होता. हे सगळं या प्रवासासाठी. कमळूच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नवराबायको दोघंही सारिकाकडे जाणार, घराला कुलूप. मागे एकदा शेजारच्या बाईजाला माशांकडे बघायला सांगितलं होतं. तिने मायेने रोज भाताची शितं टाकली. पाणी नासलं आणि बरेचसे मासे गेले.

कमळूच्या बायकोने, सकुबाईने, लगेच बाईजाला फोन लावला.

“लाइट गेली का गो?”

“नाय गो. आमचा पंखा फिरतोय की गरगर.”

कमळूचा चेहरा उतरला. गावात वीज होती आणि डबी म्हणत होती, गेली. म्हणजे डबीच चुकली. कुठे चुकली तेही त्याला ठाऊक होतं. डबीला वीज पोचवणाऱ्या तारेवरचा शेवटचा डाख. दोन तारा जोडताना कथलाचा जो थेंब बसवायचा, तो उजव्या डोळ्यात मोतीबिंदू दाटल्यावर त्याने निव्वळ अंदाजाने बसवला होता. कच्चा राहिला असणार. पंचक्रोशीतले मुके रेडिओ ज्या हाताने बोलते केले, त्या हाताचा त्याला हल्ली भरवसा वाटत नव्हता.

“मी मागं जातो,” तो म्हणाला. “डाख सुटला असंल. आज पंप बंद पडला तर एक मासा उरायचा नाय.”

“आणि गाडी?”

“पुढची धरू.”

“पुढच्या गाडीनं डॉक्टर भेटतोय व्हय? एक तारीख भाच्याच्या लग्नात घालवलीत, एक कापणीत. आता मासे! आणखी पिकला तर डोळ्याची हमी देत नाय म्हणालाय तो. ऐकलंत ना तुमी?”

कमळूने ऐकलं होतं. तरी त्याने पिशवी उचलली आणि गावच्या वाटेला वळला. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर शहापूरची गाडी दिसली.

“थांबा,” सकुबाई मागून म्हणाली. “कुलूप लावताना मेन कोणी पाडला?”

कमळू जागीच थांबला.

घराला कुलूप लावायचं तर आधी दाराबाहेरच्या ओटीवरचा मेन स्विच खाली ओढायचा, हा त्यांच्या घरचा रिवाज. उंदराने वायर कुरतडली तर मागे घर पेटायला नको, म्हणून त्याच्या बापाने घालून दिलेला. कुलूप हातात आलं की दुसरा हात आपसूक मेनकडे जायचा. सकाळीही गेला असणार. तो खट्ट आवाज कमळूला आता ऐकू आला.

“मीच,” तो म्हणाला.

“मग ती डबी काय खोटं बोलली? आपल्या घरात लाइट नाय, एवढंच म्हणाली. अख्ख्या गावाचं कुठं म्हणाली ती?”

गाडी येऊन थांबली. एक पाय पायरीवर ठेवून सकुबाई फोनमध्ये ओरडू लागली, “बाईजा, आमच्या ओटीवर जा नि मेन वर कर! मेन गो, मेन! हात पूस आधी!”

“मावशी, चढा की वर,” कंडक्टर म्हणाला. “पायरीवर काय संसार मांडलाय?”

“ओरडू नको रे, मासे जगवतेय.”

कंडक्टरने कपाळाला हात लावला. कमळू अजून खालीच उभा होता, पिशवी धरून. सकुबाईने त्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली, तेव्हा तोही पिशवीमागून वर चढला.

गाडी सुटली. तिकीट काढून होईतो मोबाईल पुन्हा वाजला. ‘वीज आली. पंप चालू.’

कमळूने ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. वीज गेलेली डबीला कळली होती, तिने पंप बॅटरीवर घेतला होता, वीज आलेलीही तिला कळली होती. ते सगळं त्या एका थेंबातून गेलं होतं.

“डाख धरलाय,” तो हळूच म्हणाला.

“धरणारच,” सकुबाई पदराने वारा घेत म्हणाली. “आंधळ्यानं दिलेला धरतो, मग दिसायला लागल्यावर काय कराल कोण जाणे. सगळ्या गावाच्या घरात डब्या बसवाल.”

कमळू खिडकीकडे सरकला. त्याने डावा डोळा तळव्याने झाकला आणि नुसत्या उजव्याने बाहेर पाहिलं. सगळीकडे ताक सांडल्यासारखं पांढरं. त्यातून एक तांबडा ठिपका मागे पळाला.

“पळस फुललाय,” तो म्हणाला.

“पळस कसला! कोणाचं तरी लुगडं वाळत घातलंय कुंपणावर.”

कमळू हसला. तळवा डोळ्यावरून न काढता म्हणाला, “येताना विचार मला.”