लग्नातलं लुगडं

पन्नाशी उलटल्यावर ह्यांनी मिशी उडवली, दुपारची झोप सोडली आणि परवा माझं लग्नातलं लुगडं पेटीतून पळवलं. शाळा दुसरीत सुटली तरी एवढं गणित मला येतं. नक्कीच बाईची भानगड.

केरसुणी घेऊन मी ह्यांच्या मागोमाग देवळापर्यंत गेले. सभामंडपात दशावताराची तालीम चालली होती. माझं लुगडं नेसून राणी धाय मोकलून रडत होती. ती राणी म्हणजे आमचे हे.

मला पाहून रडणं थांबलं. "तू हसशील म्हणून सांगितलं नाही," हे पुटपुटले.

हसले असतेही. पण सवत शोधायला निघाले आणि माझ्याहून देखणी सापडली, तर हसायचं कोणाला?

केरसुणी खाली ठेवली. "रडता छान. निऱ्या मात्र गचाळ. इकडे या, मी नेसवते."