बिनआवाजाचं मशीन

"नको," सासरे म्हणाले.

"खरंच नको," सून म्हणाली.

खोक्यावरची चिकटपट्टी ओढता ओढता मुलाने मान वर केली. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण बायकोचं आणि बाबांचं कशावर एकमत झालेलं त्याने पाहिलं नव्हतं. पंखा एकवर की दोनवर, एवढ्यावरून या घरात तीन-तीन दिवस धुमसत असे. आणि आज गवत कापायच्या मशीनवरून ते दोघं एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या.

"अहो बाबा, बॅटरीवर चालतं. पेट्रोल नको, धूर नाही. दोरी ओढून ओढून खांद्याचं काय झालंय बघा. इथे नुसतं बटण."

"चाळीस मिनिटांत मान टाकेल. अर्धं गवत कापलेलं, अर्धं तसंच. न्हाव्याच्या खुर्चीतून उठून पळाल्यासारखं."

"ओल्या गवतात अडकेल," सुनेने भर घातली. "आणि दोन वर्षांनी बॅटरी गेली की सगळंच भंगारात."

"आणि आवाज? आवाज ऐका ना." मुलाने बटण दाबून दांडी धरली. मशीन टेबलफॅनएवढं गुणगुणलं. "आहे का आवाज?"

दोघांनीही नकारार्थी माना हलवल्या. पटलं, असं समजून मुलाने जुनं पेट्रोलचं धूड शेडमध्ये ढकललं आणि तो आंघोळीला गेला.

सासऱ्यांनी नवं मशीन गवतावर घेतलं. सून धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन दोरीपाशी आली. दर रविवारी असंच चाले. ते गवतावर, ती दोरीपाशी, आणि मध्ये जुन्या मशीनची अशी धडधड की कानाशी येऊन ओरडलं तरी कळू नये. घरात तिच्या तोंडी "हो बाबा" आणि "आणते बाबा" एवढंच. बाकीचं आठवडाभर साठवून ती इथे आणायची आणि त्या धडधडीत बिनधास्त ओतायची, तेही अरे-तुरे करत. या एका तासाच्या जोरावर ती या घरात टिकली होती. नाहीतर केव्हाच बॅग भरली असती. सासऱ्यांचेही ओठ मशीनमागे चालताना हलायचे. ते पट्टे मोजतात, असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं. गवताचे पट्टे सरळ यायला हवेत ही म्हाताऱ्याची खोड सगळ्यांना ठाऊक होती.

पहिले दोन कपडे तिने ओठ मिटून वाळत घातले. पण अकरा वर्षांची सवय लागलेली जीभ ती. तिसऱ्या कपड्याला, टॉवेल उचलताना, आपोआप सुटली.

"कुरवाळ, गवताला कुरवाळ. एवढी माया घरात केली असतीस, तर सासूबाई शेवटी चार शब्द बोलून गेल्या असत्या. मुक्यानं मेल्या बिचाऱ्या, तुझ्या धाकानं."

मशीन थांबलं. दांडी सोडली की ते लगेच थांबतं, असं खोक्यावर लिहिलेलं होतं, फायद्यांच्या यादीत.

टॉवेल हातात घेऊन ती उभी राहिली. आत कुठेतरी बरं वाटत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंत ना. मग कशाला विचारता?"

सासऱ्यांनी तोंड उघडलं. आता ते बोलणार, आणि ते बोलले की आपण दोघं पुन्हा एका छपराखाली राहणार नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. न्हाणीघराच्या खिडकीतून नळाच्या पाण्याचा आवाज येत होता, मग बादलीला लागल्याचा टणत्कारसुद्धा इथे स्पष्ट ऐकू येत होता. सासऱ्यांनी त्या खिडकीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग ते वळून शेडकडे गेले.

जुनं मशीन त्यांनी ओढत बाहेर आणलं. पाय रोवून दोरी खेचली. काही नाही. पुन्हा खेचली. तिसऱ्या वेळी ते कण्हले आणि खांदा धरून खाली वाकले. सून जागची हलली नाही.

खिडकीत साबणाने माखलेलं डोकं आलं. "बाबा, ते कशाला काढलंत? नव्याला काय झालं?"

"कुचकामी आहे," सासरे म्हणाले.

"मी आधीच सांगत होते," सून म्हणाली.

डोकं काहीतरी पुटपुटत आत गेलं.

चौथ्या खेपेला मशीन धडधडलं. निळा धूर उठला, खिडकीची काच हादरली, आणि नळाचं पाणी ऐकू येईनासं झालं. सासऱ्यांनी पहिला पट्टा धरला आणि ते सरळ दोरीच्या दिशेने चालत आले. ओठ हलत होते. तिने आज पहिल्यांदा नीट पाहिलं. पट्टे मोजणारा माणूस असे दात-ओठ खात नाही. आणि मोजायला त्याला तिच्याकडे बघायची गरज नसते. ते एकेक शब्द चावून, मान हलवून, अगदी पोटातून बोलत होते, आणि त्यातला एकही तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

म्हणजे हेही अकरा वर्षं.

ते तिच्यापासून दोन हातांवर येऊन वळले. तिने टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, दोन्ही टोकांना चिमटे लावले, आणि त्यांच्या पाठीकडे बघत पहिल्यापासून बोलायला सुरुवात केली.