दुसरा नमुना

"हात हलवू नगं, कातडं कापंल," असं म्हणत ज्योत्स्नाने अंजलीच्या करंगळीचं नख कापलं.

उद्या पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचं होतं. सहा वर्षांच्या पोरीच्या यकृताचा तुकडा सुईने काढून तपासणार होते. पिशवी भरून दारात ठेवली होती, वर फाइल. नवरा बुद्धघोष लोणी देवकरला कारखान्यात होता, त्याने दोन दिवसांची रजा टाकली होती. आणि पिंपळीतल्या त्यांच्या ओट्यावर, रविवारच्या लख्ख उन्हात, लेकीचा तळहात हळद लावल्यासारखा पिवळा दिसत होता.

ज्योत्स्ना घाबरट नव्हती. बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढलेली बाई. टँकरवाल्याने कितीही आणाभाका घेतल्या तरी तिचं उत्तर ठरलेलं, "तुझं दूध बोलंल, तू गप बस." नीट तपासलं की कुठलंही कोडं सुटतं, हे ती मानत होती. लेकीचंही सुटणारच होतं. फक्त कुठे हात घालावा ते सापडत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत अंजलीला चार दिवस ताप आला. शेजारच्या आक्काबाई म्हणाल्या, "कावीळ असंल बघ." ज्योत्स्नाने त्याच दिवशी तेल-तूप, तिखट, मटण बंद केलं. सकाळी गाजराचा रस, दुपारी उकडलेला लाल भोपळा, संध्याकाळी पपई. ती कामावर गेली की हे सगळं सासरे, श्रीपतीआबा, वेळच्या वेळी पोरीला देत. हातचं राखून काही करणं ज्योत्स्नाला ठाऊकच नव्हतं. तरी महिन्या-दीड महिन्यात पोरीचे तळहात पिवळे पडले. मग तळपाय, मग नाकाचा शेंडा. तिने पथ्य आणखी कडक केलं, रस दोन वेळा सुरू केला. पोरगी आणखी पिवळी झाली.

रक्त तीनदा तपासलं. तिन्ही रिपोर्ट स्वच्छ. बारामतीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "खाते काय?"

"एकदम पथ्याचं," ज्योत्स्ना ताठ मानेने म्हणाली होती. "घरचं, साधं. बाहेरचा कण नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुण्याची चिठ्ठी लिहून दिली. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिला तपासणीची भीती वाटत होती.

त्यात आबांचं निराळंच त्रांगडं. एरवी मटण शिजायला लागलं की चुलीपाशी दहा फेऱ्या मारणारा माणूस, पण दिवाळीपासून ताटाला शिवेना. "दात दुखत्यात गं," एवढंच बोलायचे. दातांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की नेमकं ऐकू यायचं नाही. नातीच्या काळजीनं खंगलेत, असं ज्योत्स्नाने धरून ठेवलं होतं. दोनदा फटकारलंही होतं, "आबा, घरात एक आजारी पुरं हाय!"

अंजलीची नखं कापून झाली. आबा पुढे सरकले.

"माझीबी काप की. मोठ्या दवाखान्यात जायचं, मानसानं बरं दिसाय पायजे."

त्यांनी हात पुढे केला. ज्योत्स्नाने तो धरला, उताणा केला, आणि नेलकटर तिच्या हातातच राहिलं.

तिने फाइलमधला कोरा कागद ओढला. त्यावर पोरीचा हात ठेवला आणि शेजारी आबांचा. डेअरीत ती एका नमुन्यावर कधी विसंबत नसे. शंका आली की दुसरा शेजारी ठेवून बघायचा, हा तिथला रोजचा नेम. घरात तो पाळायचं तिला सुचलंच नव्हतं. दोन्ही तळवे पिवळे, तसूभर फरक नाही. तिने आबांची पापणी खाली ओढली. डोळा पांढराशुभ्र. अंजलीची ओढली, तिचाही पांढराशुभ्र. मग तिने स्वतःचा तळहात कागदावर ठेवला. तो नेहमीसारखाच होता.

"आबा, खरं सांगा. दात दुखत्यात का?"

आबांनी नातीकडे बघितलं. नात हसू दाबत होती.

"न्हाय."

"मग खाता काय?"

"ती खाती तेच. रस, भोपळा, पपई."

ज्योत्स्नाने डॉक्टरांना फोन लावला. या खेपेला 'पथ्य' हा शब्द तिने तोंडातून काढला नाही. रोज आठ-दहा गाजरं, अर्धी पपई, वर भोपळा, तीन महिने झाले, असं मोजून मापून सांगितलं. आणि सासऱ्यांचेही हात पिवळे झाल्याचं सांगितलं.

पलीकडे डॉक्टर चक्क हसले. "अहो, हे आधी नाही का सांगायचं! गाजर-पपईचा रंग आहे तो, कातडीत उतरलाय. यकृताचा काही दोष नाही. हे सगळं बंद करा आणि पोरीला चांगलंचुंगलं पोटभर जेवू घाला. पुण्याला मी कळवतो. रंग हळूहळू जाईल, महिन्याने हात दाखवायला या."

फोन ठेवताच ज्योत्स्ना ओट्यावर टेकली. हसावं की रडावं कळेना, मग दोन्ही करून घेतलं. औषध समजून तिनेच पोरीला रंगवलं होतं. डोळे पुसून तिने आबांवर वटारले.

"तीन महिने, आबा! मटनाबिगर रविवार काढला न्हाय तुमी कधी. कशापायी केलं हे?"

आबा आपले पिवळे हात उलटसुलट करून बघत होते.

"पयल्याच दिवशी पोरगी ताटापुढं रडाय लागली," ते म्हणाले. "म्हणली, आबा, मला एकटीलाच का? आता लेकराला काय सांगायचं? म्हणलं, मलाबी कावीळ झालीय."