बाथरूममधला दांडा

आंघोळीला गेलेल्या अप्पांना तो दांडा दिसला आणि शिसारीच आली. मुलाने भिंतीच्या चांगल्या फरश्यांना भोकं पाडून, धरून उठायला म्हणून तो नळाशेजारी बसवला होता. अगदी दवाखान्यात असतो तसा! वर रबराची मूठ, ती तर ओल्या बेडकासारखी गिळगिळीत.

"शी! मला काय पांगळा समजलाय हा? उद्या खाटेखाली भांडंही आणून ठेवेल!"

मुलगा कामावर जाईपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला. मग पाना-पकड घेऊन फतकल मारून बसले. गुडघे कुरकुरले, घामाच्या धारा लागल्या, पण शेवटी दांडा उपटलाच आणि मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरून अडगळीत भिरकावला. भोकांत पांढरं सिमेंट लिंपलं आणि बायकोला हाक मारली.

"बघ, झाली की नाही भिंत पहिल्यासारखी?"

बायको टॉवेल घेऊन आली. टॉवेल खुंटीला लावताना तिची बाही वर सरकली. दंडभर काळानिळा डाग पसरला होता.

"अगं, हे काय? कधी पडलीस?"

"मागच्या आठवड्यात. इथेच. दांडा मीच लावून घेतला होता, माझ्यासाठी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला म्हातारपणाची किळस येते ना," ती म्हणाली, आणि ओल्या सिमेंटला हात लागणार नाही अशा बेताने भिंत चाचपत आत गेली.