पावणेपन्नास

बावन्न.

काट्याची दांडी स्थिरावली आणि पंचांनी आकडा मोठ्यानं वाचला. मालोजीला तो शिवीसारखा लागला. कबड्डीचा गट पन्नास किलोंचा. काट्यावर उभा होता त्याचा एकुलता एक सहदेव, गावच्या संघाचा पहिला चढाईवाला. आणि समोर, खोपोलीच्या मैदानावरच्या मांडवात, पहिल्या खुर्चीवर कारखान्याचे साहेब. त्यांना आपल्या संघासाठी एक चढाईवाला हवा होता. आज मैदानात उतरणाऱ्यांतून एक उचलायचा, सोमवारी कामावर घ्यायचा. कायम.

"बनियन काढ," मालोजी म्हणाला.

एकावन्न नऊशे.

"करगोटा तोड. ताईत काढ. थुंक. अजून थुंक की रं!"

एकावन्न नऊशेच. देवाच्या ताईताला वजन नव्हतं.

मग चौकातून नागू न्हावी आला. भर मैदानात सहदेवचं डोकं भादरलं. बाप जिवंत, समोर उभा, आणि पोराचं मुंडण. लोक पोट धरून हसले. त्या गुळगुळीत डोक्यानं पोरगा मैदानाला सात फेऱ्या मारून, धापा टाकत पुन्हा काट्यावर चढला.

एकावन्न सहाशे.

ही सगळी करणी डब्याची.

दिवाळीला मालोजीनं मुंबईहून ताकदीच्या पुडीचा डबा आणला. डब्यावर एक विलायती पहिलवान. त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले, त्यामुळे मानेला जागाच उरली नव्हती. खाली सगळं इंग्रजीत. गावात ते कुणाला वाचता आलं नाही, म्हणून सगळ्यांचा विश्वास बसला.

मालोजी खालापूरच्या वाटेवरच्या भातगिरणीत मापारी. गावोगावचं भात त्याच्या काट्यावर चढायचं आणि त्याच्या तोंडून आकडा निघायचा. दर रविवारी पोती संपली की तो पोराला काट्यावर उभा करी. दिवाळीत सहदेव भरला सत्तेचाळीस.

"पन्नासचा गट आन् सत्तेचाळीसचा पोरगा? तीन किलो काय फुकट घालवायचे?"

सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे. दुधातून.

शाळेतले कवायतीचे मास्तर म्हणाले होते, "वाढतं वय आहे त्याचं. पूड कशाला? जेवू द्या, खेळू द्या."

"मास्तर, तुमी शिट्टी वाजवा. वजनाचं मला शिकवू नका."

बायको, इंदूबाई, चुलीपुढून बोलली होती, "डब्यावरच्या त्या रेड्याला त्याच्या आयनं पूड चारली का भाकर, इचारलं का कुणाला?"

पोरगा फुगत गेला. दिवसभर माठाला तोंड लावून बसू लागला. चढाईला निघाला की पूर्वी वाऱ्यासारखा जायचा, आता मळभासारखा जायचा. पण आकडा चढत होता. अठ्ठेचाळीस. संक्रांतीला एकोणपन्नास. परवाच्या रविवारी पावणेपन्नास. गटात मावेल असं शेवटच्या चमच्यापर्यंतचं वजन! मालोजीनं काट्यापुढे नारळ फोडला.

आणि इथं बावन्न.

"तुमचा काटा खोटा हाय!" मालोजी ओरडला. "माझ्या हातानं मापलाय त्याला. पावणेपन्नास! मापारी हाय मी, अकरा वर्सं!"

गर्दीतून धर्माजी पुढे आला. संघाला टेंपोत घालून आणणारा तोच. दर साल चाळीस पोती भात गिरणीवर घालणाराही तोच.

"मग वाद कशाला?" तो शांतपणे म्हणाला. "टेंपो उभाच हाय. गिरणीवरनं मापाऱ्याचा काटा घेऊन येतो. दोन्ही काटे शेजारी शेजारी मांडू. अख्खा गाव हितंच हाय, बघंल."

पंचांनी घड्याळ पाहिलं. सहदेवची चढाई बघायला निम्मी गर्दी आली होती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"त्या काट्यावर सरकारी शिक्का आहे ना? मग त्यावर पन्नासच्या आत भरला तर खेळू देतो. अर्धा तास थांबतो."

साहेब खुर्चीत परत टेकले. सहदेवच्या घामेजल्या, भादरलेल्या डोक्याखाली डोळे चमकले. "आणा बाबा. आपल्या काट्यावर मी आतच हाय."

मालोजीनं तोंड उघडलं. आणि तेव्हा त्याला आठवलं.

दांडीवरचं सरकतं वजन. गिरणीमालक सेठच्या सांगण्यावरून त्या वजनाच्या पोटात त्यानं स्वतः ओतलेलं शिसं. पोत्यामागे दोन किलो गिळणारं. अकरा वर्षं झाली. नाकावरचा चष्मा विसरावा तसा तो ते विसरला होता. म्हणजे दिवाळीत पोरगा सत्तेचाळीसचा नव्हताच. एकोणपन्नासचा होता. जसा हवा तसाच होता.

समोर सहदेव. त्याच्या मागे, मैदानाच्या दोरीला लागून, चार गावांचे भात घालणारे शेतकरी. सगळे दोन काटे बघायला माना उंचावून उभे.

"नको," मालोजी म्हणाला.

"बाबा?"

"नको म्हनलं ना! काट्याचं काय नाय. पूडच ती. विलायती हाय. चढली असंल एका रात्रीत."

पंचांनी सहदेवच्या नावावर काट मारली. शिट्टी वाजली. त्याच्या जागी शेजारच्या आळीतला पोपट मैदानात उतरला आणि पहिल्याच चढाईत दोन गडी मारून आला. साहेबांनी खिशातली वही काढली. सहदेव उलटी बनियन घालून काट्याशेजारी बसून राहिला. कुणी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. आज तरी त्याला तहान नव्हती.

धर्माजीनं तंबाखू मळली, चिमूट मालोजीपुढे धरली आणि त्याच्या कानाशी लागला.

"मापारीबुवा, डब्यात उरली असंल तर दोन चमचे आमच्या भातालाबी चारा. अकरा वर्सं बघतोय, घरनं बावन्नाचं पोतं निघतं आन् तुमच्या काट्यावर चढलं की बिचारं पन्नासाचं होतं."