हिरवा बिल्ला

"दोन्ही कानांत घालायचं, क्लोस्टरबाई. दोन्ही," मेरिल इतक्या जोरात ओरडला, की पलीकडे भाजीच्या विभागात बटाटे निवडणाऱ्या बाईने मान वर केली.

अमेरिकेत आयोवातल्या त्या गावात सुपरमार्केटच्या कोपऱ्यात औषधांचा काउंटर होता आणि मेरिल स्टॅम तिथला फार्मासिस्ट. त्याच्या पांढऱ्या कोटावर कालपासून एक हिरवा बिल्ला झळकत होता: 'ऐकू येत नाही? मला विचारा.' आता डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय श्रवणयंत्रं विकता येत होती. ती कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, याचं दीड तासाचं प्रशिक्षण कंपनीने प्रत्येक फार्मासिस्टला सक्तीचं केलं होतं. मेरिलने ते घेतलं होतं. कसं घेतलं होतं, ते त्याची मदतनीस डार्लीन जाणून होती.

कंपनीचं प्रत्येक प्रशिक्षण तो घ्यायचा तसंच. संगणकावर व्हिडिओ लावायचा, त्याचा आवाज बंद करायचा, रेडिओवर बेसबॉल लावायचं आणि गोळ्या मोजत राहायचं. मधूनमधून बोटाने 'पुढे'. शेवटच्या परीक्षेला कितीही वेळा बसता येत होतं; हा चौथ्या खेपेला पास झाला. कानांबद्दलचं प्रशिक्षण, आणि तेही आवाज बंद करून. पालथ्या घड्यावर निदान पाणी तरी पडतं. डार्लीनला पूर्वी त्याची कीव यायची. अकरा वर्षांत ती संपली आणि आता नुसता तिटकारा उरला होता.

ती त्याच्या शेजारी बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. पडद्याच्या तळाशी व्हिडिओतल्या बोलण्याची अक्षरं सरकत होती, समोर दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने ती वाचली होती.

"अहो, ओरडू नका. या कानाने येतंय मला ऐकू," व्हर्ना क्लोस्टर उजव्या कानाला हात लावून म्हणाली. सत्तरी ओलांडलेली ही बाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. "हा डावा गेलाय. गुरुवारी सकाळी उठले तर बंदच. फोन लावून पाहिला, चकार शब्द नाही. उद्या रविवार, मला वाजवायचंय. म्हटलं, आजच यंत्र घेऊन जावं."

डार्लीनच्या हातातली चिठ्ठी वाकडी चिकटली.

"म्हणजे एकदम गेला, क्लोस्टरबाई? एका रात्रीत?"

"डार्लीन," मेरिल म्हणाला. तिच्याशी बोलताना त्याचा आवाज छान खाली यायचा. "इथे सल्ला कोण देतं?"

"फार्मासिस्ट."

"आणि तू कोण?"

तिने पुढची बाटली ओढली. नियमच तसा होता. मदतनिसाने गिऱ्हाइकाला सल्ला दिला, की नोकरी गेली. तेवढा एक नियम मेरिलला तोंडपाठ होता.

"वयाचं असतं हो ते," तो पुन्हा ओरडला. "आठवडाभरात सवय होईल." आणि त्याने खोकं गल्ल्याकडे सरकवलं.

गल्ला डार्लीनचा. तिथल्या छोट्या पडद्यावर पैसे देण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक प्रश्न यायचा: 'फार्मासिस्टला काही विचारायचं आहे?' आजवर तो कोणी धड वाचला नव्हता. सगळे सवयीने 'नाही' दाबायचे. व्हर्नाचं बोटही तिकडेच निघालं होतं. डार्लीनने 'नाही'वर आपला तळवा ठेवला, गल्ल्यावरून वाकली आणि तिच्या उजव्या कानाशी म्हणाली, "'हो' दाबा. आणि त्यांना विचारा, एकच कान अचानक बंद पडला, तर काय करायचं असतं?"

व्हर्नाने 'हो' दाबलं. मेरिलच्या डोक्यावरचा दिवा लागला. तिने विचारलं.

"बघा," मेरिल म्हणाला. "तसं प्रत्येकाचं वेगळं असतं. म्हणजे, काहींना..."

रांगेत मागे मक्याच्या बियाण्याची टोपी घातलेला एक म्हातारा उभा होता. "बिल्ल्यावर तर लिहिलंय, मला विचारा म्हणून," तो म्हणाला. "बाईंनी विचारलं की."

"व्हिडिओत आहे," डार्लीन म्हणाली. "चौथ्या भागात. एकदा आवाज सुरू करून बघा."

मेरिलला बटण सापडायला वेळ लागला. रेडिओ त्याने आपणहून बंद केला. मग एका बाईचा शांत आवाज काउंटरभर ऐकू आला: एकाच कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर यंत्र देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा, उशीर झाला तर तो कान कायमचा जाऊ शकतो.

मागचा म्हातारा टोपी काढून उभा राहिला.

"काय म्हणाली ती?" व्हर्नाने विचारलं. "एवढ्या लांबून नीट कळलं नाही मला."

डार्लीनने हाताची घडी घातली. "मला सांगायची परवानगी नाही, क्लोस्टरबाई. हे सांगतील."

मेरिल काउंटरच्या बाहेर आला. मघाशी बटाट्यांपर्यंत पोचलेला त्याचा आवाज आता कॉलरच्या बाहेर निघेना. तो व्हर्नाच्या डाव्या बाजूला उभा राहिला, वाकला आणि तिच्या डाव्या कानात पुटपुटला, "आज नका घेऊ हे. डॉक्टरकडे जा. आत्ताच."

व्हर्ना त्याच्याकडे पाहून गोड हसली. तिने मान डोलावली आणि पैसे द्यायला कार्ड पुढे केलं.

डार्लीनने खोकं उचलून मागच्या फळीवर ठेवलं. ती बाहेर आली, व्हर्नाला दोन्ही खांद्यांना धरून तिने हळूच वळवलं आणि तिचा उजवा कान मेरिलच्या तोंडासमोर आणला.

"आता सांगा," ती मेरिलला म्हणाली. "मघासारखं. बटाट्यांपर्यंत गेलं पाहिजे."